वजनाआधी ताकद : लठ्ठपणात घरच्या घरी व्यायाम

वजन वाढलेल्या माणसाला सल्ला द्यायला कुणी मागे राहत नाही. डॉक्टर सांगतात, शेजारी सांगतात, लग्नात भेटलेला लांबचा मामाही सांगतो, 'जरा चालत जा, वजन उतरव.' पण नव्वद-पंच्याण्णव किलो वजनाच्या, गुडघे दुखणाऱ्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाने सुरुवात नेमकी कुठून करायची, हे समजावून सांगणारे थोडेच. मग एखाद्या सोमवारी उत्साहाच्या भरात चार किलोमीटर चालणे होते, मंगळवारी गुडघा सुजतो आणि बुधवारपासून 'व्यायाम काही आपल्याला झेपत नाही' हा समज पक्का होतो.

आपल्या भागात व्यायामाची हौस कमी नाही. साताऱ्यात २०१२पासून यवतेश्वरच्या घाटात हिल हाफ मॅरेथॉन धावली जाते. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे चढणारी माणसे आहेत, सांगलीच्या आमराईत सकाळी फेऱ्या मारणारे आहेत. पण ज्यांना व्यायामाची सर्वांत जास्त गरज आहे, ती माणसे तिथे कमी दिसतात. कुणाला लोक बघतील याचा संकोच असतो, कुणाला रस्त्यावरच्या कुत्र्यांची आणि गाड्यांची भीती असते, कुणाला सकाळी डबे करून द्यायचे असतात. जिमची फी सगळ्यांना परवडत नाही आणि जिमची सोय प्रत्येक गावात नाही. अशांसाठी घर ही व्यायामाची चांगली जागा आहे. तिला दुय्यम समजायचे कारण नाही. अमेरिकेत १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४९ लठ्ठ स्त्रियांचे दोन गट केले होते. एक गट ठरावीक ठिकाणी एकत्र जमून व्यायाम करायचा, दुसरा आपापल्या घरी. पंधरा महिन्यांनंतर घरी व्यायाम करणाऱ्या गटाचे सातत्यही जास्त टिकले होते आणि वजनही जास्त उतरले होते.

या लेखाचे सांगणे एका वाक्यात असे : वजनाकडे नंतर बघा, आधी ताकद वाढवा. ताकद वाढली की हालचाल वाढते, हालचाल वाढली की दम वाढतो, आणि वजन उतरण्याचा रस्ता त्यानंतर मोकळा होतो.

औंधचा वारसा

घरातल्या घरात, साधनांशिवाय व्यायाम करण्याची रीत आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी तरुणपणी युजीन सँडो या प्रसिद्ध युरोपीय व्यायामपटूची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या पटवर्धन अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८च्या सुमारास त्यांनी नियमित सूर्यनमस्कार सुरू केले आणि त्यातच ते रमले. त्यांच्या संस्थानाचे मुलूख विखुरलेले होते : औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. या मुलखातल्या शाळांमधून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली, आणि लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंमार्फत १९३८मध्ये त्यांची पद्धत इंग्लंडमधल्या वाचकांपर्यंतही पुस्तकरूपाने गेली.

भवानरावांच्या पद्धतीत नमस्कारांची संख्या मोठी असे, आणि तिचे अनुकरण आज लठ्ठपणा असलेल्या माणसाने मुळीच करू नये. घ्यायच्या त्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. व्यायामाला सतरंजीएवढी जागा पुरते. राणी, राजा, शाळकरी मूल, म्हातारा, कुणालाही तो करता येतो. आणि तो रोजच्या दिनक्रमात बसवलेला असावा, लहर लागेल तेव्हा करायचा नसावा.

आधी मापे, मग तपासणी

लठ्ठपणा आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. वजन किलोमध्ये घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. उंची १ मीटर ६० सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो असेल तर उत्तर ३०.५ येते. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या शरीरात कमी वजनातही पोटाभोवती चरबी जास्त साठते. म्हणून पोटाचा घेरही मोजा. टेप शिंप्याकडे असते तीच चालते. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढू लागतो. देशभर केलेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मोठ्या पाहणीत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला होता. तेव्हा यात तुम्ही एकटे नाही, आणि लाजण्यासारखेही काही नाही.

बहुतेकांना हळू चालणे आणि खुर्चीवरचे व्यायाम सुरू करायला अडचण नसते. पण पुढीलपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा : छातीत दुखणे किंवा दाटणे, थोड्या श्रमानेही फार धाप लागणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, पूर्वी झालेला हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचा आजार, डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम, गरोदरपण. रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून जागे होणे आणि दिवसभर पेंग येणे हीही सांगण्यासारखी लक्षणे आहेत. झोपेतला श्वासाचा विकार असेल तर त्याच्यावर उपचार झाल्याशिवाय व्यायामाला उत्साहच राहत नाही.

रक्तदाब बसल्या जागी १८०/११०च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम करू नका, डॉक्टरांना गाठा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायामाआधी साखर तपासा. ती ९०च्या खाली असेल तर आधी थोडे खा. अचानक घाम फुटला, हात थरथरले, गरगरले, तर थांबा आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. तुमची गोळी या प्रकारातली आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. वजन उतरू लागल्यावर औषधाचे प्रमाण बदलावे लागू शकते, आणि तो बदल त्यांनीच करायचा असतो.

जागा आणि खुर्ची

सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद मोकळी जागा काढा. ओल्या फरशीवर व्यायाम नको. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, म्हणून तिच्याखाली रबरी जाळी घाला किंवा जाड रबरी चटई घ्या.

खुर्चीची निवड महत्त्वाची आहे. बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात. जास्त वजनाखाली गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय फाकतात आणि माणूस खाली बसतो. ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. ती नसेल तर दिवाण किंवा पलंगाची कड चालेल. खोल रुतणारा सोफा नको. आसनाची उंची गुडघ्याएवढी किंवा थोडी जास्त असावी. कमी असेल तर घट्ट घडी घातलेली चादर घालून उंची वाढवा.

साडी किंवा गाऊन असेल तर पायात अडकणार नाही असा वर खोचा. मांड्या एकमेकींवर घासून कातडी सोलवटते, तिथे आतून सुती लांब चड्डी घाला किंवा खोबरेल तेल लावा. घाम आल्यावर पोटाच्या आणि स्तनांखालच्या घड्या धुऊन कोरड्या करा, नाहीतर खाज सुटते आणि व्यायाम बंद पडतो. पायांना बधिरपणा असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर अनवाणी व्यायाम करू नका. घरातही बूट घाला आणि रोज तळपाय बघा.

पहिला व्यायाम : खुर्चीवरून उठबस

एकच व्यायाम करायचा ठरवलात तर हा करा. मांड्या आणि ढुंगण हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू आहेत. गुडघ्याचा भार हेच पेलतात, आणि ते दुबळे झाले की सारा ताण सांध्यावर येतो. बसमधून उतरणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठणे, पंगतीत खाली बसून पुन्हा उभे राहणे, या सगळ्यामागे हीच ताकद असते.

खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा. पाय एकमेकांपासून खांद्यांएवढ्या अंतरावर ठेवा, चवडे किंचित बाहेर वळलेले असू द्या. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या. इथेच बहुतेकांचे चुकते : पाय पुढे राहतात आणि मग उठताना शरीर मागे ओढले जाते. आता छाती पुढे झुकवा, नाक चवड्यांच्या वर येईपर्यंत. वजन पायांवर आल्याचे जाणवले की टाचा जमिनीत रोवून उठा. पोट मध्ये येत असेल तर पायांमधले अंतर आणखी वाढवा, पोटाला जागा मिळते. उठताना श्वास सोडा, बसताना घ्या. श्वास रोखून धरलात तर रक्तदाब वाढतो. बसताना धपकन बसू नका. मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश खाली या, कारण उतरताना स्नायूंवर पडणारा ताण ताकद वाढवायला फार उपयोगी पडतो. गुडघे आत वळू देऊ नका.

हातांच्या आधाराशिवाय उठवत नसेल तर दोन्ही हात मांड्यांवर टेकून उठा. तेही जमत नसेल तर खुर्चीवर उशी घाला, उंची वाढली की उठणे सोपे होते. पाच वेळा करा, हा झाला पाच आवर्तनांचा एक फेरा. दोन आठवड्यांनी आठ वेळा, मिनिटभर थांबा, पुन्हा आठ वेळा. बारा-बारा सहज होऊ लागले की उशी काढा. तेही सोपे झाले की हातात एक किलो डाळीची पिशवी छातीशी धरा.

आणखी पाच व्यायाम

भिंतीवरचे जोर. तालमीतले जोर जमिनीवर होतात, तुमचे भिंतीवर होऊ द्या. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपर वाकवत छाती भिंतीकडे न्या आणि ढकलून परत या. पाठ आणि कंबर एका रेषेत असावी. दहा वेळा सहज जमले की पाय थोडे मागे घ्या. काही आठवड्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हात टेकून करा. ओटा कोरडा असल्याची खात्री करून घ्या.

ओढण्याचा व्यायाम. पुढे ढकलण्याइतकाच मागे ओढण्याचाही सराव हवा, नाहीतर खांदे पुढे झुकतात. एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवा, कंबरेतून थोडे वाका, दुसऱ्या हातात पाण्याची भरलेली बाटली किंवा दळणाची पिशवी घेऊन कोपर कमरेकडे ओढा. पाठ सरळ राहू द्या. एका बाजूला आठ, मग दुसऱ्या बाजूला आठ. पाठ दुखत असेल तर व्यायामाचा रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून बसल्या बसल्या ओढा.

टाचा उचलणे. ओट्याला धरून उभे राहा, दोन्ही टाचा उचला, दोन मोजेपर्यंत थांबा आणि सावकाश टेका. पोटऱ्या मजबूत झाल्या की चालणे हलके होते. दूध तापत असतानाही हे करता येते.

कंबर उचलणे. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, तळपाय टेकवून कंबर वर उचला, तीन मोजा आणि खाली या. जमिनीवर उतरून पुन्हा उठणे जमत नसेल तर पलंगावर करा. उताणे झोपल्यावर श्वास अडकत असेल तर पाठीखाली उशा घाला, किंवा हा व्यायाम सोडून द्या आणि त्याऐवजी उठबशीचा एक फेरा वाढवा.

जागच्या जागी चालणे. हा दम वाढवण्याचा व्यायाम. उभ्या उभ्या पावले उचला, हात हलवा, गुडघे झेपतील तेवढेच वर घ्या. गुडघे फार दुखत असतील तर खुर्चीत बसून पाय आळीपाळीने उचला आणि हातांनी समोर ठोसे मारा. यानेही नाडी चांगली वाढते. पुढे अंगणाच्या एका पायरीवर चढणे-उतरणे सुरू करा, जवळ धरायला कठडा किंवा भिंत असेल अशाच ठिकाणी. उड्या, दोरीवरच्या उड्या आणि धावणे सध्या नको.

किती जोर लावायचा, याची कसोटी सोपी आहे. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर वेग वाढवा, वाक्य पुरे करता येत नसेल तर कमी करा.

सूर्यनमस्कार भिंतीच्या आधाराने

सूर्यनमस्काराची आवड असेल तर तो सोडू नका, फक्त जमिनीवरून वर आणा. पोट मोठे असताना खाली वाकून डोके गुडघ्याला टेकवायच्या खटाटोपात कंबर धरते, आणि साष्टांगातून उठताना मनगटांवर सारे वजन येते. त्याऐवजी भिंतीसमोर उभे राहा. हात जोडा, वर ताणा, कंबरेतून वाकून तळवे भिंतीवर टेकवा आणि पाठ लांब करा. मग एक पाय मागे घ्या, दुसरा पाय त्याच्याजवळ न्या, भिंतीवर एक जोर काढा, छाती वर उचला, पुन्हा पाठ लांब करा आणि एकेक पाय पुढे आणून सरळ उभे राहा. चार-पाच नमस्कार सावकाश करा. महिनाभराने भिंतीऐवजी पक्क्या खुर्चीच्या आसनावर हात टेका, खुर्ची मात्र भिंतीला टेकलेली हवी. जमिनीवरचा नमस्कार कधी करायचा हे तारखेवर ठरवू नका. जमिनीवर बसून हात टेकून स्वतःचे स्वतः उठता येऊ लागले की मगच त्याचा विचार करा.

बारा आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे फक्त सवय लावायची आहे. रोज सकाळी पाच मिनिटे आणि संध्याकाळी पाच मिनिटे जागच्या जागी चालणे. आठवड्यातून दोन दिवस उठबस, भिंतीवरचे जोर आणि टाचा उचलणे, प्रत्येकाचा एकच फेरा. 'एवढ्याने काय होणार' असे वाटेल, तरी वाढवू नका. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, कंडरा आणि सांध्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या उत्साहात गुडघे धरतात ते याच कारणाने.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात चालणे दहा-दहा मिनिटांचे दोनदा करा. ताकदीचे व्यायाम दोन किंवा तीन दिवस, एक दिवस आड, सर्व प्रकारांचे दोन-दोन फेरे.

सातव्या ते बाराव्या आठवड्यात दम वाढवणारा व्यायाम दिवसाला तीस मिनिटांपर्यंत न्या, आठवड्यातून पाच दिवस. एकत्र तीस मिनिटे मिळत नसतील तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा, तेही मोजले जातात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तिथपर्यंत पोचायला बारा आठवड्यांऐवजी वीस लागले तरी काही बिघडत नाही.

वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा : आधी आवर्तने, मग फेरे, मग वजन. आजारपण, गावची यात्रा, घरचे लग्न यात आठ-दहा दिवस खंड पडला तर सोडले तिथून सुरू करू नका. दोन आठवडे मागचा टप्पा धरा आणि पुन्हा पुढे या.

दुखले तर काय करावे

व्यायामानंतर मांड्या आणि दंड दोन दिवस ठणकणे नेहमीचे आहे. सांधा दुखणे वेगळे. दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीन-चारपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी ओसरत असेल तर व्यायाम चालू ठेवा. त्याहून जास्त असेल, सूज आली असेल किंवा लंगडत चालावे लागत असेल, तर आवर्तने निम्मी करा आणि खुर्ची उंच करा. पूर्ण विश्रांती घेऊन बसलात तर स्नायू आणखी दुबळे होतात आणि गुडघा जास्तच दुखतो. वजन आणि गुडघ्याचे दुखणे दोन्ही असलेल्या वयस्कांच्या एका अभ्यासात दिसले की, एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. पाच किलो उतरले तर हिशेब तुम्हीच करा.

छातीत दाटले, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, थंड घाम फुटला, अंधारी आली, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि तडक दवाखान्यात जा. 'गॅस असेल' म्हणून घरी बसून राहू नका.

घरकाम, ऊन आणि पाऊस

'दिवसभर राबते, मग वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न अनेक बायका विचारतात, आणि तो रास्त आहे. झाडलोट, धुणी, शेतातली खुरपणी हे सगळे कष्टच आहेत, त्यांचा शरीराला उपयोगही होतो. पण त्यात तेच स्नायू आणि तोच वाकलेला मणका वर्षानुवर्षे राबतो. ओझे हळूहळू वाढवत नेण्याची आणि विश्रांतीची सोय त्यात नसते, म्हणून ताकद वाढत नाही, नुसता थकवा साठतो. म्हणून वीस मिनिटे स्वतःसाठी काढा आणि ती घरच्यांना सांगून ठेवा. सासूबाई आणि सूनबाई दोघींनी मिळून केला तर दोघींचाही व्यायाम टिकतो. घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ चहाचे आधण ठेवावे आणि मुलांकडे बघावे. लठ्ठपणाची थट्टा घरातून बंद व्हावी, कारण टोमण्यांनी वजन कमी होत नाही, माणूस मात्र खचतो.

माण, खटाव, जत, आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये ऊन तापते. जास्त वजनाच्या शरीरातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून उजाडताच किंवा दिवेलागणीनंतर पंख्याखाली व्यायाम करा आणि पाणी जवळ ठेवा. जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर दिवसच्या दिवस पाऊस ओसरत नाही. बाहेर फिरण्यावर अवलंबून असलेल्यांचा व्यायाम तेव्हा बंद पडतो, घरी करणाऱ्यांचा चालू राहतो. मालिका बघत जागच्या जागी चालले तरी चालेल, उठबस करताना मात्र लक्ष पायांकडे असू द्या.

ताटाकडेही बघा

व्यायामाने खाल्लेले सगळे जाळता येते हा गैरसमज आहे. ८५ किलोच्या माणसाने अर्धा तास मध्यम गतीने चालले तर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. दिवसातले पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, यांतून नुसत्या साखरेच्याच २०० कॅलरी पोटात जातात. म्हणून पहिला बदल चहात करा : कप लहान घ्या आणि साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या. आपल्याकडे पाहुण्यापुढे साताऱ्याचे कंदी पेढे किंवा सांगलीचे भडंग येणारच. पेढा अर्धा घ्या, भडंग वाटीत मोजून घ्या, डबा समोर ठेवू नका. जेवणात भाकरी एकने कमी करा आणि त्या जागी उसळ, पिठले, ताक, अंडे किंवा मासळी वाढवा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. प्रथिने आणि ताकदीचे व्यायाम मिळून ती झीज थोपवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांना विचारा. 'महिन्यात दहा किलो' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि काढ्यांवर पैसे घालवू नका.

काय मोजायचे

रोज वजन करू नका. पाणी, मीठ, पाळी यांनी काटा दिवसाला किलोभर इकडेतिकडे होतो आणि मन उगाच खट्टू होते. वजन पंधरवड्यातून एकदा करा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. पोटाचा घेर महिन्यातून एकदा मोजा. वजनात पाच टक्के घट, म्हणजे ९० किलोच्या माणसाची साडेचार किलो, एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतो.

काटा हलला नाही म्हणून व्यायाम वाया गेला असेही समजू नका. चेन्नईतल्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले. आहार आणि चालण्याचा सल्ला पाळणाऱ्या गटाचे वजन तीन वर्षांत फारसे उतरले नव्हते, तरीही मधुमेह होण्याचे प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटले होते. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर वापरू लागतात, काटा काहीही दाखवो.

म्हणून आजच एक चाचणी करा. वर सांगितलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवा, घरच्या कुणाला तरी मोबाइलवर तीस सेकंद लावायला सांगा आणि तेवढ्यात किती वेळा पूर्ण उभे राहता आले ते मोजा. हातांचा आधार घेतला तर तसे लिहा. आकडा दोन असो की बारा, तो आजच्या तारखेसह कॅलेंडरवर नोंदवा. चार आठवड्यांनी हीच चाचणी त्याच खुर्चीवर पुन्हा करा. आकडा वाढला असेल तर तुमचा व्यायाम योग्य चालला आहे, वजन काही असो. वाढला नसेल तर आठवड्यातला एक दिवस वाढवा आणि आणखी चार आठवडे द्या. पहिल्या पाच उठबशी मात्र आज संध्याकाळीच होऊ द्या, सोमवारची वाट बघू नका.